वर्ल्ड चारची खंडेनवमी

वर्ल्ड चारमध्ये कुणीही मरत नव्हतं, आणि त्याबद्दल सोमवारी सकाळी उत्तरा धुरीला केतनच्या टेबलाशी बोलावणं आलं. केतन म्हणजे त्यांच्या छोट्या गेम कंपनीचा मालक. मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत खाली खाकऱ्याचं गोडाऊन आणि वर ही कंपनी, त्यामुळे तिथं बनलेल्या प्रत्येक गेमला, खेळणाऱ्याला कळो न कळो, मेथीचा वास असे. केतननं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. स्क्रीनवर तिच्याच लेव्हलचा नकाशा होता आणि चाचणीला येऊन खेळून गेलेली माणसं जिथं जिथं थांबली तिथं तिथं लाल ठिपके. बाकीच्या वर्ल्डांत ठिपके मुंग्यांसारखे पांगलेले. वर्ल्ड चारमध्ये मात्र सगळे एकाच जागी, गुळाला लागल्यासारखे. "हे काय आहे?" केतन म्हणाला. "ॲसिडचा नाला." "ते कळतंय मला. नाल्यावर माणसं काय करतायत?" "उभी आहेत." "का उभी आहेत?" हे उत्तराला माहीत नव्हतं. केतननं एका काकांचा रेकॉर्ड केलेला खेळ लावला. काका धुराड्यांखालून आले, नाल्यावरच्या फळीवर चढले आणि थांबले. मागं काळा धूर, खाली बुडबुडणारं हिरवं विष, आणि काका आपले थांबलेले. मग त्यांचा आवाज आला, "बरं वाटतंय इथं." केतननं लॅपटॉप मिटला. "बरं वाटतंय! अगं, जगातली सगळ्यात घाणेरडी जागा बनव म्हटलं होतं, तू माथेरान बनवलंस. शुक्रवारी पब्लिशरची माणसं येतायत. तोपर्यंत कुणीतरी घाबरलं पाहिजे. नाहीतर वर्ल्ड चार काढतो आणि तिथं रेडीमेड फॅक्टरी टाकतो. मिळते विकत. कवट्यांसकट."

गेमचा हिरो होता एक खेकडा. कुणीतरी त्याच्या खाडीची भरती चोरलेली असते आणि ती परत आणायला तो विक्रोळीच्या खारफुटीतून निघतो, एवढीच गोष्ट. खेकडा घेण्यामागे फार मोठा विचार होता असं केतन मुलाखतीत सांगे, पण खरं कारण असं की कंपनीकडे फक्त बाजूनं चालणारा गेम बनवण्याइतकीच माणसं होती, आणि समोर चालता न येणारा हिरो शोधता शोधता ते खेकड्यापाशी आले. पुढं पब्लिशरनं कळवलं की हिरोच्या अंगावर दुकानात विकता येईल असं काहीतरी हवं, म्हणून खेकड्याला बूट आले. आठ. वर्ल्ड चार उत्तराकडे आलं ते तिच्या आडनावामुळे, असं केतनचं म्हणणं होतं; कारखान्याला धूर लागतो आणि ऑफिसात धुरी एकच. उत्तराचं म्हणणं वेगळं होतं, पण ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे बाबा, राजाराम धुरी, विक्रोळीला रंगाच्या कारखान्यात होते. तिथं आता एक टॉवर आहे आणि त्याच्या तळमजल्यावर कुत्र्यांचं सलून आहे. त्या जागेवर कधीकाळी काहीतरी होतं हे जगाला सांगायची उत्तराकडे एकच संधी होती, आणि ती आठ बूट घातलेल्या खेकड्याच्या हातात होती. वर्ल्ड चार गेलं की तो कारखाना दुसऱ्यांदा बंद पडणार होता, आणि ह्या वेळी नोटीस काढणारी कंपनी तिचीच.

जागेवर येऊन ती आपल्याच धुराड्यांकडे बघत बसली. शेजारी दर्शना. गेममधले सगळे आवाज ती करायची. सध्या ॲसिडच्या बुडबुड्यांसाठी ती घरून आणलेलं ताक स्ट्रॉनं फुंकत होती. "काय म्हणाला?" "माथेरान म्हणाला." "बरोबर बोलला," दर्शना म्हणाली. "राग नको मानू हां. मी लहानपणी माहुलला राहिलेय, रिफायनरीला लागून. तुझं वर्ल्ड चार आमच्या खिडकीतून फुकट दिसायचं. पण तिथं कुणी थांबून बरं वाटतंय म्हणत नाही गं. तिथं माणूस पहिली खिडकी लावतो, मग बोलतो." "मग माझं काय चुकलंय?" दर्शनानं स्क्रीनकडे मान वाकडी करून बघितलं. "हे बघ, तुझी यंत्रं बघ. दात आहेत, पण हसल्यासारखी दिसतात. धोक्याचे दिवे काय तर झेंडूच्या रंगाचे. हा प्रेस माणसाला चेपून मारणार ना? मग तो असा पाहुण्याला वाकून नमस्कार केल्यासारखा का खाली येतो? आणि ही फळी. विषाच्या नाल्यावर रांगोळी कोण काढतं, यार?" उत्तरानं पाहिलं. फळीवर खरोखरच रांगोळी होती. पांढरे ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा, मधे कमळ. ती तिनंच काढली होती, आणि कधी काढली ते आठवेना. फळी मोकळी दिसत होती म्हणून हात आपोआप फिरला असेल. आपला हात आपल्याला न विचारता काम करतो आणि पगार आपण घेतो, ह्याचं तिला जरा अपराधी वाटलं. मग तिनं ठिपक्यांचा नकाशा पुन्हा पाहिला. सगळी माणसं फळीच्या डाव्या टोकाशी नव्हती, उजव्याही नव्हती. कमळावर होती. आणि तिथं उभं राहिल्यावर बरं वाटतं, हे काकांनी बोलण्याआधीच तिला माहीत होतं.

संध्याकाळी मुलुंडला जाणाऱ्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली आणि पवईच्या चढावर सिग्नलही मिळाला, त्यामुळे आठवण यायला भरपूर जागा झाली. खंडेनवमीचा दिवस. कारखान्याचं फाटक वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी घरच्यांसाठी उघडायचं. आईची मोतिया साडी, बाबांचा कडक पांढरा शर्ट, तिचा परकर-पोलका, आणि तिघंही कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे कारखान्यात. दारातच चपला काढायच्या. मशीनसमोर पायात काही नको, असा नियम होता, आणि तो साहेबालाही होता. साहेबाच्या मोज्याला भोक आहे ही गोष्ट त्या दिवशी सगळ्या खात्यांना कळायची. गार लादी. रंग ढवळायची अजस्र पिंपं, त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. झाकणं दाबायचा प्रेस, बाबांचा, त्याच्या कपाळावर हळदीकुंकू आणि पायाशी फुटलेला नारळ. लाल फडक्यावर पाने, हातोड्या, स्क्रूड्रायव्हर ओळीनं झोपवलेले, त्यांच्यावरही कुंकू. टर्पेंटाइन आणि झेंडू ह्यांचा मिळून एक वास होतो. तो तिला पुढे कुठल्याच अत्तरात सापडला नाही, आणि तिनं शोधला होता. सगळं बंद. सगळं इतकं शांत की पेढा चावल्याचा आवाज यायचा. बाबा तिला उचलून प्रेसचं नाक दाखवायचे, "हा आमचा राजा. नमस्कार कर." ती करायची, आणि प्रेसही तिला करतो असं तिला वाटायचं. मग मधल्या मोकळ्या जागेत ती रांगोळी. कुणीतरी ओरडायचं, "पोरी, पाय नको देऊ!" आणि ती नेमकी मधल्या कमळावर जाऊन, अनवाणी, हातात पेढा घेऊन उभी राहायची. सिग्नल सुटला. उत्तराला एकदम जाणवलं की आपण आयुष्यात एकही चालू कारखाना पाहिलेला नाही. बाबांनी तिथं पोटापाण्याची सगळी वर्षं काढली आणि ती मात्र त्या जागेला फक्त सणाला भेटलेली. एखाद्या माणसाला फक्त त्याच्या वाढदिवसाला भेटावं आणि मग त्याचं चरित्र लिहायला घ्यावं, तसं काहीसं तिनं केलं होतं. वर वर्ल्ड चार, म्हणजे गेममधलं प्रदूषणाचं खातंच, मागून घेतलं होतं.

घरी पोचल्यावर तिनं चहाआधी लॅपटॉप उघडला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. राजारामांनी आयुष्यात पत्त्यांशिवाय कुठलाही खेळ खेळलेला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही हातांची एकेक तर्जनी बाहेर काढली आणि खेकडा सरळ उकळत्या पिंपात घातला. "मेलंय," त्यांनी शांतपणे जाहीर केलं. मग पुन्हा. "परत मेलंय." चाचणीला आलेल्या झाडून सगळ्या माणसांना जे जमलं नव्हतं ते बाबांना इतक्या सहज जमत होतं की केतनला बोलावून दाखवावं असं तिला वाटलं. आई, जानकी, आतून पोळपाट घेऊनच आली. "कुर्लेक बूट कोणी घातले?" "पब्लिशरने." "त्येंका कालवण करूक येत नाय वाटता," आई म्हणाली, आणि तिथंच उभी राहून बघायला लागली. मरत मरत बाबा एकदाचे मोठ्या फाटकाशी आले आणि खेकडा तिथंच उभा करून बटणं चाचपू लागले. "काय शोधताय?" "बूट काढूचा बटन खंय हा?" "तसं बटण नाहीये, बाबा." "मशीनसमोर बूट घालून जाणार तो?" "तो खेकडा आहे." "म्हणून काय झालं?" बाबांनी नाइलाजानं, तोंड जरासं वाकडं करून, बुटांसकट खेकडा आत नेला, आणि नाल्याशी येऊन एकदम मोठ्यानं हसले. "अगं, ही तर अंबादासची फळी!"

अंबादास पॅकिंग खात्यात होते. बुद्ध मानणारे, ते पूजेला हात लावत नसत, पण रांगोळी दुसऱ्या कुणाला काढूही देत नसत. "काय हात होता त्याचा," बाबा म्हणाले. "आम्ही मुद्दाम त्यालाच सांगायचो, सगळ्यात भारी तिथं काढ म्हणून." "तिथं म्हणजे?" "फळीवर. खाली गटार होतं ना. पिंपं धुतलेलं सगळं पाणी त्यातून जायचं. उघडंच असायचं एरवी. पण तुम्ही पोरं यायची, म्हणून दोन दिवस आधीपासून आम्ही घासूनपुसून काढायचो सगळं, गटारावर फळ्या टाकायचो आणि वर रांगोळी. रांगोळी असली की पोरं पाय देत नाहीत, असा आमचा हिशेब." ते परत हसले. "आणि तू दर वर्षी बरोबर त्याच्यावर. मी ओरडायचो, तर अंबादास म्हणायचा, राहू दे रे, कमळात शोभते." उत्तराचे तळपाय गार पडले. गार लादीची आठवण होती की आणखी कशाची, ते तिला ठरवता येईना. आपल्या आयुष्यातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून जी तिनं इतकी वर्षं आत कुठंतरी नीट घडी घालून ठेवली होती, जिथं झोप येत नसली की ती मनानं जाऊन उभी राहायची, ती गटारावर टाकलेली एक फळी होती. "म्हणजे फसवलंत आम्हाला," ती म्हणाली. बाबांना हे खरंच कळलं नाही. "फसवलं? पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, ते काय फसवणं असतं?" "आणि एरवी कसं होतं?" "एरवी? चालू असायचं." "म्हणजे कसं?" "आवाज. बाकी सवय होती." त्यांनी एवढंच सांगितलं आणि खेकडा पुन्हा पिंपात घातला.

पुढचं आईनं सांगितलं, पोळपाटावर पीठ झाडत, बाजारभाव सांगावा तसं. बाबा झाकण खात्यात असले तरी ते खातं पिंपांच्या खालच्या अंगाला होतं, आणि त्या दिवशी जो रंग चालू असेल तो बाबांच्या नाकातून घरी यायचा. बाबा दारातून आत येऊन शिंकायचे, आई रुमाल मागायची आणि विचारायची, "आज खंयचो?" म्हणजे आज कुठला रंग. कधी निळा. कधी विटकरी. दिवाळीच्या आधी पांढरा फार, सगळ्या मुंबईला घरं रंगवायची असायची. "चाळीतल्या बायका मला विचारायच्या, यंदा कुठला रंग चाललाय गं. मी दोरीवर बघून सांगायचे." दोरीवर वाळणारे रंगीत रुमाल उत्तराला लख्ख आठवले. लहानपणी तिला वाटायचं की बाबांना रंगीत रुमालांची हौस आहे. शाळेत 'माझे बाबा' ह्या निबंधात तिनं ते वाक्य घातलंही होतं, आणि बाईंनी त्याच्या खाली छान म्हणून लिहिलं होतं. "तुला माहीत होतं? तरी तू दर वर्षी मोतिया साडी नेसून पेढे खायला यायचीस?" "मग काय रडत जायचं? एक दिवस तर बंद असायचं सगळं. तो एक दिवस ह्यांचा रुमाल कोरा असायचा." आई आत गेली. बाबा लॅपटॉपवर वाकून कुणाला तरी शिव्या देत होते, बहुतेक खेकड्यालाच. उत्तरा त्यांच्या पाठीकडे बघत बसली. तिला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याच वेळी डोक्याच्या मागच्या बाजूला, तिला न विचारता, तिचा हात पुन्हा कामाला लागला होता. फळी खोटी नव्हती. खंडेनवमीही खोटी नव्हती. तिनं फक्त दुसरा दिवस बनवायचा ठेवला होता.

तो दुसरा दिवस तिनं मंगळवारपासून बनवायला घेतला. जुनं काहीच काढलं नाही. कारखाना होता तसा बंद केला. धूर काढून टाकला, हार घातले, पाने-हातोड्या लाल फडक्यावर मांडल्या. खेकडा आत येतो, कुणी मारत नाही, कुणी पाठी लागत नाही. बंद प्रेसच्या खालून जावं, पिंपांच्या काठावरून फिरावं, पेढे खावेत, फळीवर जाऊन कमळात उभं राहावं. बरं वाटावं. आणि नीट बरं वाटलं की भोंगा. उजाडलेला असतो दसऱ्यानंतरचा दिवस. हार गळतात, तीच पिंपं फिरू लागतात, नमस्कार करणारा प्रेस आता थांबतच नाही, फळी ओढून घेतली जाते आणि खेकडा जिथं उभा असतो त्याच्याखाली ते सगळं असतं जे आधीपासून होतंच. ज्या रस्त्यानं पेढे खात आलात त्याच रस्त्यानं पळत बाहेर जायचं. ज्या पिंपाचा धूर लागेल त्याचा रंग अंगावर चढतो, आणि तिसऱ्या रंगानंतर खेकडा लंबा. दर्शनानं भोंगा बनवला. कशापासून ते ती सांगेना, पण त्या दुपारी खालच्या खाकरेवाल्यांनी कामगारांना जेवायला सोडलं आणि नंतर वर येऊन चौकशी केली. यंत्रांच्या आवाजासाठी उत्तरानं तिला बाबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: आवाज, बाकी सवय होती. दर्शनानं कानावरचे हेडफोन काढले. मग म्हणाली, "म्हणजे तो सतत पाहिजे. इतका सतत की थांबल्यावरच कळावा," आणि तिनं खरंच तसा केला. शुक्रवारी पब्लिशरकडून आलेल्या बाई कमळावर जाऊन टेकल्या, "सो पीसफुल," म्हणाल्या, आणि भोंग्याला खुर्चीसकट मागं सरकल्या. कॉफी केतनच्या शर्टावर गेली. केतन इतका खूश झाला की तो शर्ट त्यानं दिवसभर बदलला नाही. "वाट लागली त्यांची! झकास!" तो म्हणाला. "वर्ल्ड चार राहणार. कवट्या कॅन्सल." मग त्यानं कीबोर्डकडे बोट केलं. "हे नवीन बटण कसलं टाकलंयस?" "बूट काढायचं." "त्यानं काय होतं?" "बूट निघतात." "पॉइंट मिळतात?" "नाही." "ताकद वाढते?" "उलट ॲसिडमध्ये लगेच मरतो." "मग कुणी कशाला दाबेल?" "एक माणूस दाबेल," उत्तरा म्हणाली, आणि केतननं, शर्टाकडे बघून, ते बटण राहू दिलं.

रविवारी सकाळी लॅपटॉप पुन्हा बाबांच्या मांडीवर आला. आई ह्या वेळी पोळपाट न घेता, रीतसर खुर्ची ओढून बसली. फाटकाशी बाबांनी बटण दाबलं. खेकड्यानं पहिला बूट काढला आणि भिंतीशी ठेवला. मग दुसरा. आठ बूट काढायला इतका वेळ लागत होता की मधे आई गॅस बारीक करून आली, पण बाबांनी मान हलवत, कौतुकानं, एकेका बुटाची वाट पाहिली. मग अनवाणी खेकडा आत गेला. झेंडूच्या माळांखालून बाबांनी त्याला तिरका तिरका नेला, घाई न करता, वाटेतला एकही पेढा न घेता, आणि प्रेसपाशी उभा केला. उत्तरानं प्रेसच्या नाकावर कुंकू लावलं होतं. "राजा," बाबा एवढंच म्हणाले, आणि तर्जनीनं स्क्रीनवरच त्या नाकाला हात लावला. उत्तराला त्या क्षणी भोंगा काढून टाकावासा वाटला. कारखाना असाच ठेवावा, कायमचा, बंद आणि धुतलेला, आणि बाबांना त्यात राहू द्यावं. पण बाबा पुढे गेले, फळीवर चढले आणि कमळात थांबले. "इथं तू असायचीस," ते म्हणाले, आणि भोंगा झाला. सगळं एकदम चालू. पिंपं, प्रेस, धूर, दर्शनाचा तो न थांबणारा आवाज. बाबांच्या दोन्ही तर्जनी हवेत राहिल्या. "अरे, आलो, आलो!" ते भोंग्याला म्हणाले, इतक्या वर्षांनी, तितक्याच घाईनं, आणि अर्धे उठलेही. तोवर फळी गेली होती. अनवाणी खेकडा सुर्र करत गटारात उतरला, आधी निळा झाला, मग विटकरी, मग पांढरा, आणि आठही पाय वर. भिंतीशी बूट तेवढे ओळीनं उभे. "मेलंय!" बाबा ओरडले आणि असे हसत सुटले की चष्मा खाली आला, हसता हसता ठसका लागला, आणि ठसक्यातून एक जुनी, घरभर घुमणारी शिंक आली. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं आणि सवयीनं तो उघडून बघितला. आईनं खुर्चीतूनच हात पुढे केला. "आज खंयचो?"

बाबांनी रुमाल दोघींसमोर, दोन्ही बाजूंनी, व्यवस्थित धरून दाखवला.

"आज सुट्टी," ते म्हणाले.